न्यूट्रलची काटकसर कुणाच्या बिलात निघते?

इमारतीच्या मीटर रूमचं वायरिंग नव्यानं करायचं ठरलं की सोसायटीच्या सभेत तीन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं ठेकेदाराचं: ‘थ्री फेजमध्ये न्यूट्रलवर लोड नसतोच, तिला जाड वायर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.’ दुसरं समितीतल्या एखाद्या जाणकाराचं: ‘मीटर फेज मोजतो. न्यूट्रल कुठूनही घ्या, काय फरक पडतो?’ तिसरं सभा संपल्यावर, चहाच्या वेळी, जरा दबक्या आवाजात: ‘न्यूट्रलऐवजी अर्थिंगवर घेतलं तर बिलही कमी येतं.’ सभा मान डोलावते आणि सर्वांत कमी दराचं कोटेशन मंजूर होतं.

यातल्या पहिल्या दोन वाक्यांत अर्धं सत्य आहे, तिसऱ्यात तेवढंही नाही. तिन्हींच्या मुळाशी समज मात्र एकच: न्यूट्रल ही बिनकामाची, बिनहिशेबाची तार. या समजावर जी काटकसर होते ती खरं तर काटकसर नसतेच. ठेकेदाराच्या कोटेशनमधून वगळलेला खर्च शेजाऱ्याच्या वीजबिलात, जळालेल्या टीव्हीत किंवा ओल्या हातानं वॉशिंग मशीनला शिवणाऱ्या माणसाच्या अंगावर निघतो, एवढंच.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. रोहित्राकडून येणाऱ्या चार तारांच्या पुरवठ्यात कुठल्याही दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट आणि फेज व न्यूट्रल यांच्यात २४० व्होल्ट असतात. तिन्ही फेज एकमेकींपासून १२० अंशांनी मागे-पुढे चालतात. तिन्हींवर अगदी सारखा आणि साधा भार असेल, तर तिन्ही प्रवाहांची बेरीज दर क्षणी शून्य होते आणि न्यूट्रलमधून काहीच परत जात नाही. पाण्याच्या थ्री फेज पंपाला न्यूट्रल जोडतच नाहीत, ते याचमुळे. याच तत्त्वावर बाजारात साडेतीन कोर केबल मिळते. तीन कोर पूर्ण जाडीचे, चौथा साधारण अर्धा: ५० चौरस मिलिमीटरच्या तीन कोरांबरोबर २५ चा न्यूट्रल, ९५ बरोबर ५० चा, ३०० बरोबर १५० चा. ही केबल भारतीय मानकांप्रमाणे बनते, तिच्यावर आयएसआयची खूण असते. ‘मानक संस्थेलाच अर्धी न्यूट्रल चालते, मग तुमचा आक्षेप कशाला?’ हा ठेकेदाराचा सवाल म्हणूनच बिनतोड वाटतो.

तो बिनतोड नाही. केबलचं मानक केबल कशी बनवायची ते सांगतं. ती कुठे घालायची, हे तिथला भार पाहून ठरवायचं असतं. जिथे बहुतेक भार मोटरींचा आहे अशा कारखान्यात साडेतीन कोर केबल वर्षानुवर्षं सुखानं चालते. राहत्या इमारतीत मात्र लिफ्ट आणि पंप सोडले तर सगळा भार सिंगल फेजचा. चोवीस फ्लॅट प्रत्येक फेजवर आठ-आठ असे वाटून दिले म्हणून भार सारखा होत नाही. कागदावरची वाटणी आणि संध्याकाळी सात वाजताचा करंट यांचा एकमेकांशी संबंध नसतो. एका फेजवरच्या आठ घरांत एसी आणि गीझर चालू आहेत, दुसऱ्या फेजवरची निम्मी मंडळी अजून कामावरून परतायची आहेत, तिसऱ्या फेजवर दोन फ्लॅट कायमचे बंद आहेत, हे नेहमीचं चित्र. समजा लाल फेजवर ६० अँपिअर, पिवळीवर ३० आणि निळीवर १० असा भार आहे. या तिन्हींची सदिश बेरीज केली तर न्यूट्रलमधून सुमारे ४४ अँपिअर परत जातात. ज्या तारेवर ‘लोड नसतोच’, तिच्यावर दोन फेजपेक्षा जास्त करंट आहे! आणि एकाच फेजवर भार राहिला, तर न्यूट्रलमधून त्या फेजइतकाच पूर्ण प्रवाह जातो.

ही झाली साध्या भाराची गोष्ट. आजच्या घरांत साधा भार उरलाय किती? एलईडी दिवे, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, संगणक, चार्जर ही उपकरणं सलग करंट घेत नाहीत. विजेच्या लाटेच्या माथ्यावर ती झटक्यात घोट घेतात आणि एरवी गप्प बसतात. अशा तुटक प्रवाहात ५० हर्ट्झच्या मूळ लाटेबरोबर १५० हर्ट्झची तिसरी हार्मोनिक मिसळलेली असते. आणि पाठ्यपुस्तकातलं ते शून्य मोडतं ते इथे. मूळ लाटा १२० अंशांनी मागे-पुढे असल्यामुळे न्यूट्रलमध्ये एकमेकींना खाऊन टाकतात. तिसऱ्या हार्मोनिकच्या बाबतीत १२० ची तिप्पट ३६० होते, म्हणजे तिन्ही फेजच्या हार्मोनिक एकाच तालात येतात आणि न्यूट्रलमध्ये त्यांची सरळ बेरीज होते. तिन्ही फेजवर अगदी सारखा, ४० अँपिअर मूळ प्रवाह आणि त्यात ३० टक्के तिसरी हार्मोनिक असेल, तर प्रत्येक फेजवर १२ अँपिअर हार्मोनिक झाली. न्यूट्रलमध्ये ३६. भार तंतोतंत समतोल असूनही ३६! आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकात तर स्पष्ट सूचना आहे: तिसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या पुढे गेलं की केबलची जाडी न्यूट्रलच्या प्रवाहावरून ठरवा, फेजच्या नव्हे. अर्ध्या न्यूट्रलचा हिशेब पिवळ्या बल्बच्या आणि मोटरींच्या काळातला आहे. इमारतीतला बल्ब गेला, हिशेब मात्र तसाच राहिला.

यावर एक उत्तर येतं, ‘एवढा करंट गेला तर एमसीबी पडेलच की.’ नाही पडणार. टीपीएन बोर्डावरच्या एमसीबी फेजचा करंट पाहतात. न्यूट्रल थेट लिंकवर जाते. तिच्यात किती करंट आहे हे पाहणारं तिथे कुणी नसतं. ६० अँपिअरच्या फेजला ६३ ची एमसीबी राखते, अर्ध्या जाडीच्या न्यूट्रलला राखणारं काही नसतं. तिची जाडी हेच तिचं एकमेव संरक्षण, आणि आपण नेमकं तेच कापतो. जुन्या मीटर रूममधला एखादा बोर्ड उघडून पाहा. तिन्ही फेजच्या वायरींचं कवच टवटवीत, आणि काळी न्यूट्रल लिंकपाशी बोटभर करपलेली, कडक झालेली, हात लावला तर कवचाचा तुकडा गळून पडेल अशी. ॲल्युमिनियमची तार पितळी लिंकमध्ये थिंबल न लावता नुसती पिळून कोंबलेली असेल, तर सांध्यावर ऑक्साइडचा पांढुरका थर बसतो. सांधा तापतो, गार होतो, पुन्हा तापतो. स्क्रू सैल होत जातो. एके दिवशी न्यूट्रल सुटते.

न्यूट्रल सुटली की काय होतं, याची कल्पना नसल्यामुळेच तिच्याशी इतकं सैल वागलं जातं. पुष्कळांना वाटतं, एक तार तुटली, वीज जाईल, वायरमनला बोलावू. फेज तुटली तर खरंच तेवढंच होतं. तिन्ही फेजच्या सामाईक न्यूट्रलचं तसं नाही. तीन बाजूंनी चाललेल्या रस्सीखेचीत मधली कडी खुंटीला बांधलेली असावी, तशी न्यूट्रल मधला बिंदू शून्यावर धरून ठेवते. खुंटी उपटली की कडी ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे सरकते. सोपं उदाहरण घेऊ. दोनच फेजवर भार आहे: एका घरात २००० वॉटचा गीझर, दुसऱ्या घरात टीव्ही आणि दिवे मिळून २०० वॉट. न्यूट्रल सुटताच ही दोन घरं ४१५ व्होल्टवर एकामागोमाग एक जोडली जातात. गीझरचा रोध सुमारे २९ ओहम, दुसऱ्या घराचा २८८. व्होल्टेज त्याच प्रमाणात वाटलं जातं: गीझरवर ३८ व्होल्ट, टीव्हीवर ३७७. या ३७७ ची शिखरं ५३३ व्होल्टपर्यंत जातात. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला मुख्य कपॅसिटर साधारण ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. तो फुटतो. यात उफराटा न्याय असा, की जास्त वीज वापरणाऱ्याचं पाणी नुसतं कोमट राहतं आणि कमी वापरणाऱ्याचं घर जळतं. ‘व्होल्टेज वाढलं होतं, कंपनीची चूक’ असं म्हणून मंडळी मोकळी होतात. कधी ती चूक खांबावरची असते हे खरं. पण सुटलेला सांधा आपल्याच मीटर रूममध्ये असेल, तर कंपनीला शिव्या देऊन टीव्ही परत येत नाही.

इथेच त्या अतिसावध मंडळींचाही समाचार घ्यायला हवा, जी ‘सुरक्षेसाठी’ न्यूट्रलवरही वेगळा फ्यूज किंवा सुटी एमसीबी बसवायला सांगतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर किटकॅट फ्यूज अजून दिसतात. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला, तर घरातले दिवे बंद होतात, पंखा थांबतो, आणि प्रत्येक होल्डरमध्ये, प्रत्येक स्विचमागे फेज जिवंत असतो. ‘लाइट गेलीय’ असं समजून माणूस उघड्या तारेला हात लावतो. थ्री फेज जोडणीत तर हा फ्यूज म्हणजे खुंटी उपटायची विकत आणलेली सोय. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ३२ व्या नियमानं हे रोखलं होतं: अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा सुटा स्विच नको, स्विच असलाच तर फेजबरोबर एकाच वेळी चालणारा, जोडलेला हवा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांतही हीच अट कायम राहिली. म्हणजे मत-मतांतराला इथे जागाच नाही.

आता दुसरं वाक्य: ‘मीटर फेज मोजतो, न्यूट्रल कुठूनही घ्या.’ पूर्वी घरोघरी फिरत्या चकतीचे मीटर होते, तेव्हा हे बरंचसं खरं होतं. त्या सिंगल फेज मीटरमध्ये करंटची एकच कॉइल असायची, फेजच्या वाटेवर. न्यूट्रल कुठून परत गेली याचा चकतीला पत्ता नसे. चोरी करणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. म्हणून आताच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक सिंगल फेज मीटरमध्ये दोन संवेदक असतात, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. दोघांचा करंट सारखा नसेल तर मीटर जो जास्त असेल तो धरून युनिट मोजतो, आणि ‘अर्थ लोड’चा छोटा दिवा लावतो. चोर पकडायला केलेली ही युक्ती न्यूट्रलची सरमिसळ असलेल्या इमारतीत सज्जन माणसाला पकडते.

कसं ते आकड्यांत पाहू. शेजारी-शेजारी दोन फ्लॅट, दोन मीटर, फेज एकच. पॅसेजमधल्या जंक्शन बॉक्समध्ये कुणीतरी दोघांच्या न्यूट्रल एकत्र पिळल्या आहेत. जिन्यातल्या दिव्यासाठी असेल, इन्व्हर्टरच्या वायरिंगच्या वेळी असेल. पहिल्या घरात एसी चालू आहे, १० अँपिअर. दुसऱ्या घरात पंखा, टीव्ही आणि फ्रिज, २ अँपिअर. एकूण १२ अँपिअर परत जायचे आहेत आणि समोर दोन सारख्या वाटा आहेत, म्हणून प्रत्येक मीटरच्या न्यूट्रलमधून साधारण ६ जातात. पहिला मीटर पाहतो: फेजवर १०, न्यूट्रलवर ६, तो १० मोजतो, बरोबरच मोजतो. दुसरा पाहतो: फेजवर २, न्यूट्रलवर ६, तो ६ मोजतो. दुसऱ्या घराचं बिल त्या वेळेपुरतं तिप्पट! दोन्ही मीटर मिळून १६ अँपिअरचे पैसे घेतात, इमारतीत आलेत १२. शेजाऱ्याच्या एसीचा गारवा शेजाऱ्याला, आणि त्याच विजेचे पैसे दोघांकडून.

‘नवा मीटर पळतो’ ही तक्रार महाराष्ट्रात घरोघरी आहे, आणि तिच्यावरचा वादही ठराविक वळणानं जातो. ग्राहक म्हणतो मीटर सदोष आहे. मीटर चाचणीला जातो, अचूकतेच्या मर्यादेत बसतो आणि ‘मीटर योग्य आहे’ असा अहवाल येतो. ग्राहकाला वाटतं सगळे मिळालेले आहेत. प्रत्येक वाढीव बिलामागे न्यूट्रलच असते असं मी म्हणत नाही. वापर वाढलेला असतो, दर वाढलेला असतो, मीटर खरोखर बिघडलेलाही असतो. पण सरमिसळ झालेल्या इमारतीत ग्राहक आणि चाचणीचा अहवाल दोघंही प्रामाणिक असू शकतात. चाचणीच्या बाकावर मीटर पास होतो, कारण तिथे शेजाऱ्याची न्यूट्रल जोडलेली नसते. चकतीच्या काळात ही सरमिसळ वर्षानुवर्षं झाकलेली होती. नव्या मीटरनं ती उघडी पाडली, आणि आपण आरशालाच दोष देत बसलो.

ताडून पाहणं अवघड नाही. घरातली फक्त फेजची एमसीबी पाडायची, न्यूट्रल तशीच ठेवायची, आणि मीटरपाशी जाऊन युनिटच्या ठोक्यांचा लाल दिवा पाहायचा. घरात एकही वस्तू चालू नाही, तरी तो लुकलुकत असेल, तर तुमच्या न्यूट्रलमधून दुसऱ्याच कुणाचा करंट परत जातोय. मग लायसन्सधारी वायरमनकडून क्लॅम्प मीटरनं फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजून घ्या. याच सरमिसळीमुळे आरसीसीबी सारखा पडतो. गेलेला आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की त्यानं पडायचंच असतं. त्यावर अनेक ठिकाणी योजलेला उपाय म्हणजे आरसीसीबी काढून टाकणं! खोड कोण काढतंय ते सांगणाऱ्यालाच घराबाहेर घालवायचं, असा हा प्रकार.

‘हे सिंगल फेजचं झालं, थ्री फेज मीटर तर फेजच मोजतो ना?’ असं विचारलं जाईल. करंट तो फेजचे मोजतो, बरोबर. पण शक्ती मोजायला करंटबरोबर व्होल्टेज लागतं, आणि व्होल्टेज मोजायचं ते कुठल्या तरी बिंदूपासून. तो बिंदू म्हणजे मीटरला जोडलेली न्यूट्रल. फ्रेंच अभियंता आंद्रे ब्लोंडेल यानं १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेत मांडलेला सिद्धांत आजही मीटरच्या रचनेचा पाया आहे: पुरवठ्याच्या जितक्या तारा, त्याहून एक कमी मापक घटक पुरेसे. तीन तारांना दोन, चार तारांना तीन. पण ही एकाची सूट मिळते ती उरलेली तार संदर्भ म्हणून वापरली तरच. सोसायटीच्या सामाईक जोडणीवर सीटी मीटर असेल, तर त्याच्याकडे न्यूट्रलची एक बारीक वायर जाते. ती सैल झाली तरी लिफ्ट चालते, पंप चालतो, दिवे लागतात. कुणाला काही कळत नाही. आत मात्र मीटरचा शून्यबिंदू सरकलेला असतो. न्यूट्रलमधून करंट जात नसेल तर बेरीज तरीही बरोबर येते. करंट जात असेल तर मोजणी चुकते, आणि चूक किती हे ठरवतात दोन गोष्टी: शून्यबिंदू किती सरकला आणि न्यूट्रलमधून किती करंट गेला. चूक कधी सोसायटीच्या बाजूनं, कधी विरुद्ध. त्यात अनेक मीटर ‘न्यूट्रल डिस्टर्बन्स’ अशी घटना तारीख-वेळेसह नोंदवून ठेवतात. मीटरशी छेडछाड हा २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमाखालचा चोरीचा विषय आहे. दोन रुपयांच्या सैल स्क्रूचा खुलासा पथकासमोर करायची पाळी सोसायटीच्या सचिवावर कशाला आणायची?

छतावरच्या सोलरनं तर ‘मीटर शून्य म्हणजे न्यूट्रल रिकामी’ हा समजही निकालात काढलाय. थ्री फेज जोडणीच्या घरात लाल फेजवर सिंगल फेज सोलर इन्व्हर्टर ३ किलोवॉट बाहेर पाठवतोय आणि त्याच वेळी पिवळ्या फेजवर ३ किलोवॉटचा भार चालू आहे असं समजा. तिन्ही फेजची वजाबाकीसह बेरीज करणारा नेट मीटर त्या क्षणी शून्य दाखवेल. प्रत्येक फेजवर १२.५ अँपिअर, एक जाणारा, एक येणारा. न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज शून्य होत नाही. कोनांमुळे ती १.७३ पट होते, सुमारे २१.६ अँपिअर. मीटर शून्य, बिल शून्य, आणि न्यूट्रलवर कुठल्याही फेजपेक्षा जास्त करंट. सोलर बसवताना पॅनेलच्या वॉरंटीवर तासभर घासाघीस करणाऱ्यांनी पाच मिनिटं या तारेलाही द्यावीत.

राहिलं तिसरं वाक्य, अर्थिंगवर बिल वाचवण्याचं. त्याचे समर्थक एक चलाख मुद्दा पुढे करतात: ‘रोहित्रापाशी न्यूट्रल जमिनीतच गाडलेली असते. म्हणजे न्यूट्रल आणि अर्थिंग शेवटी एकच.’ रोहित्रापाशी ती एक आहेत हे खरं. नियमानं तिथे न्यूट्रल किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ करावी लागते. पण तुमच्या घरापासून तिथपर्यंत मधे तार नाही, माती आहे. तुमच्या खड्ड्याचा रोध १५ ओहम आणि रोहित्राकडचा ५ धरू, उन्हाळ्यात कोरड्या मुरमाड जमिनीत तो याहून कितीतरी वाढतो. २००० वॉटचा गीझर फेज आणि अर्थ यांच्यात जोडला, तर गीझरचे २८.८ आणि मातीचे २० मिळून ४८.८ ओहम, करंट जातो ४.९ अँपिअर. फेजच्या संवेदकाला हा करंट दिसतोच, म्हणून मीटर सुमारे ११८० वॉट मोजतो. त्यातले पाण्याला मिळतात जेमतेम ७०० वॉट. उरलेले ४८० वॉट जमीन तापवण्यात जातात, आणि जमीन तापवण्याचं बिलही तुमच्याच नावावर येतं. बादली तापायला जवळजवळ तिप्पट वेळ लागतो. वाचलं काय?

आणि हे सगळं बिलापुरतंच असतं तर हसून सोडून देता आलं असतं. तो ४.९ अँपिअरचा करंट तुमच्या १५ ओहमच्या खड्ड्यातून जाताना अर्थिंगची तार सुमारे ७४ व्होल्टवर चढवतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, मिक्सर यांच्या धातूच्या अंगाला जोडलेली हिरवी वायर तीच. ज्या तारेनं माणसाला वाचवायचं, तिच्यातूनच घरभर ७४ व्होल्ट पसरतात. ५० व्होल्टच्या पुढे स्पर्श धोक्याचा मानला जातो, आणि मोरीत उभा असलेला माणूस ओल्या पायांनी उभा असतो. बिल वाचवायची ही युक्ती सांगणारा माणूस त्या मोरीत पाय ठेवत नाही.

शेवटचा बचाव पैशाचा. ‘हे सगळं बरोबर असेल हो, पण खर्च?’ तोही मोजूया. ५० चौरस मिलिमीटरच्या साडेतीन कोर केबलमध्ये धातू १७५ चौरस मिलिमीटर, पूर्ण चार कोर घेतली तर २००. धातू वाढला एक सप्तमांश, आणि तोही फक्त मुख्य केबलचा. बोर्ड, स्विचगिअर, मजुरी यांत काही फरक पडत नाही. मजल्यावरच्या न्यूट्रल वेगवेगळ्या ठेवायला तर जादा केबलही लागत नाही. लागते ती चिकाटी आणि फेरूलवर नंबर लिहायची सवय. न्यूट्रलची जाडी हार्मोनिकप्रमाणे आणखी वाढवावी का, हा अभियंत्यानं मोजून ठरवायचा प्रश्न आहे. सरसकट दुप्पट करा असं सांगणाराही मोजत नाहीच.

तेव्हा पुढच्या सभेत ‘वायरिंग बदलणे’ असा मोघम ठराव न करता कामाच्या अटींत पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. मुख्य केबलमध्ये न्यूट्रल फेजइतकी, आणि याहून कमी जाडी सुचवायची असेल तर हार्मोनिकसह मोजलेला करंट कागदावर. मीटरला मीटर लूप न मारता प्रत्येक मीटरची न्यूट्रल बसबारवरून स्वतंत्र, थिंबल दाबून, आणि मीटरपुढे ती दुसऱ्या कुठल्याही न्यूट्रलला न भेटणारी. न्यूट्रलमध्ये कुठेही सुटा फ्यूज किंवा सुटी एमसीबी नाही. जनरेटरचा चेंजओव्हर असेल तर फोर पोल. काम संपल्यावर प्रत्येक मीटरवर फेज आणि न्यूट्रलचा करंट क्लॅम्प मीटरनं मोजून, दोन्ही आकडे सारखे असल्याचा सही केलेला तक्ता. या पाचांतली एकही अट अव्वाच्या सव्वा खर्चाची नाही आणि एकीलाही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. ज्या ठेकेदाराला हा तक्ता द्यायला जड जातं, त्याचं कोटेशन स्वस्त दिसतं ते काम अर्धं सोडल्यामुळे. उरलेल्या अर्ध्याची वसुली तुमच्याच मीटरवरून होणार आहे.